बहारानंतरचे झाड

ऑर्किडचा इतिहास बहुतेक ठिकाणी फुलांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणती जात कोणत्या जंगलात सापडली, कोणत्या उमरावाच्या काचघरात ती पहिल्यांदा फुलली, लिलावात तिला किती पौंड आले, अशा नोंदींनी त्या विषयाची पुस्तके भरलेली असतात. या नोंदी खोट्या नाहीत, पण त्यांत झाडाच्या आयुष्याचा थोडाच भाग येतो. आज घरोघरी सर्वांत जास्त जाणारे ऑर्किड म्हणजे फॅलेनॉप्सिस. त्याची फुले दोन-तीन महिने टिकतात. वर्षाचा उरलेला सारा काळ ते झाड म्हणजे चार-सहा जाड पाने, कुंडीबाहेर आलेली रुपेरी मुळे आणि वाळत चाललेला एक दांडा, एवढेच असते. असंख्य कुंड्या नेमक्या याच अवस्थेत उकिरड्यावर जातात. माझे म्हणणे असे आहे की ऑर्किड-पालनाचा खरा इतिहास या बिनफुलांच्या महिन्यांचा आहे. ज्यांनी त्या महिन्यांचा विचार केला त्यांच्याकडे झाड टिकले. ज्यांनी केला नाही त्यांच्या हाती पैसा, काचघरे आणि जंगलेच्या जंगले असूनही ते मेले. हे म्हणणे तपासून पाहायला परभणी जिल्ह्यातले राणीसावरगाव चांगले. फॅलेनॉप्सिसच्या पुस्तकातले वेळापत्रक तिथे जसेच्या तसे चालत नाही, आणि तरी त्या वेळापत्रकामागचा विचार तिथल्या फळबागायतदाराला पुस्तकाशिवायच ठाऊक आहे.

आधी मेलेल्या झाडांचा हिशेब पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये उष्ण कटिबंधातून ऑर्किडे येऊ लागली तेव्हा त्यांना ठेवण्याची रीत एकच होती: बंद काचघर, खाली धगधगती भट्टी, वर कोंदलेली वाफ. जॉन लिंडली हा त्या काळचा ऑर्किडांचा सर्वांत मोठा अभ्यासक. १८३० च्या सुमारास त्यानेही उष्णता, सावली आणि भरपूर ओलावा हाच उपाय सुचवला होता. समज असा, की जंगल म्हणजे सदैव तापलेले आणि सदैव भिजलेले. या समजापायी इतकी झाडे मेली की इंग्लंड हे उष्ण कटिबंधातील ऑर्किडांचे दफनस्थान बनले आहे, असे पुढे तिथल्याच वनस्पतिशास्त्रज्ञांना कबूल करावे लागले. दुसऱ्या टोकाला, जिथून झाडे येत होती त्या डोंगरांवरही तेच चालले होते. १८५० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर खासी टेकड्यांत गेला तेव्हा त्याने निळा वांडा या ऑर्किडची सात माणसांना पुरतील एवढी ओझी क्यूच्या राजोद्यानासाठी गोळा केली. त्यांतली फारच थोडी झाडे इंग्लंडात जिवंत पोहोचली, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी निळा वांडा आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सहाव्या अनुसूचीत घालावा लागला, त्याची मुळे या ओझ्यांपर्यंत जातात. फुलासाठी झाड आणायचे, फूल पाहिले की झाडाचे काय करायचे ते कळत नाही म्हणून ते मरू द्यायचे, आणि मेले म्हणून पुन्हा जंगलात माणूस पाठवायचा, असे ते चक्र होते. जंगलाची लूट आणि घरातल्या झाडाची हेळसांड या त्या चक्राच्याच दोन बाजू.

हे चक्र अडवणाऱ्यांत एक माळी आघाडीवर होता. जोसेफ पॅक्स्टन चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या बागेचा प्रमुख होता. १८३० च्या दशकात त्याने ऑर्किडांसाठी वेगवेगळ्या तापमानाची वेगवेगळी घरे केली, खिडक्या उघडून वारा खेळवला, झाडावर पाणी ओतण्यापेक्षा जमीन ओली ठेवून हवा दमट राखली. ऑर्किडला ऋतू असतात आणि फुलांनंतरचा ऋतू फुलांच्या ऋतूपेक्षा वेगळा असतो, हे पॅक्स्टनने प्रत्यक्ष वागणुकीतून मान्य केले. त्याच्या मालकाला जगभर माणसे पाठवणे परवडत होते आणि ती पाठवलीही गेली. पण चॅट्सवर्थची ऑर्किडे जगली ती खिडकी कधी उघडायची हे माळ्याला कळल्यामुळे.

फॅलेनॉप्सिसची कथाही याच वाटेने जाते. पेर ओस्बेकने १७५२ मध्ये जावाजवळ गोळा केलेल्या झाडावरून लिनियसने १७५३ मध्ये त्याची नोंद केली, ब्लूमने १८२५ मध्ये त्याला आजचे नाव दिले. फिलिपीन्समधून आलेली जात १८३० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात फुलली आणि तिच्या पांढऱ्या फुलांनी लोक वेडावले. हा सगळा फुलांचा भाग झाला. माझ्या मते त्या कथेतले सर्वांत महत्त्वाचे वर्ष १९४९ आहे आणि त्यात एकही नवे फूल नाही. त्या वर्षी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गॅव्हिनो रोटर यांनी फॅलेनॉप्सिसच्या दांड्याचे तुकडे काचनळीत ठेवून, दांड्यावरच्या झोपलेल्या डोळ्यांतून नवी रोपे वाढवून दाखवली. त्याच विद्यापीठात १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी ऑर्किडचे धुळीएवढे बी साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीच्या मदतीवाचून रुजवले होते. पण बियांपासून आलेले रोप आईसारखे निघेलच असे नाही. दांड्याच्या डोळ्यातून आलेले निघते. फुले गळाल्यावर निरुपयोगी म्हणून छाटला जाणारा दांडा हीच झाडाची पुढची पिढी ठरू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. आज लाखोंनी तयार होणाऱ्या एकसारख्या कुंड्यांच्या मागे ऊतिसंवर्धनाचे जे शास्त्र आहे, त्याच्या पायाशी हा गळालेल्या फुलांचा दांडा आहे.

व्यापाराने यात एक दुसरा धडा शोधला. झाडाला पुन्हा फुलवायचे तर काही आठवडे गारवा द्यावा लागतो. सतत २८ अंशांच्या वर ठेवलेले फॅलेनॉप्सिस पानांमागून पाने काढत राहते, दांडा काढत नाही. महिना-दीड महिना पंचवीस अंशांच्या आतबाहेर राहिले की पानाच्या बगलेतून दांडा डोके वर काढतो. तायवानमध्ये हा धंदा उभा राहिला तेव्हा उत्पादक सखल भागात वाढवलेली झाडे दांड्यासाठी डोंगरावर नेत; पुढे १९८० च्या दशकात सरकारी साखर महामंडळासारख्या मोठ्या संस्था ऑर्किडकडे वळल्या आणि डोंगराची जागा गार केलेल्या हरितगृहांनी घेतली. म्हणजे दुकानातली भरगच्च कुंडी हे कोणीतरी फुलांवाचून दोनएक वर्षे सांभाळलेले झाड असते. ग्राहकाच्या हाती येते ते त्या सांभाळण्याचे फळ, आणि सांभाळण्याची माहिती मात्र कुंडीबरोबर येत नाही.

आता राणीसावरगाव. गंगाखेड तालुक्यातले हे गाव बालाघाटाच्या रांगेत आहे, रेणुकामातेच्या देवस्थानामुळे ओळखले जाते, आणि १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. या शेवटच्या गोष्टीचा आपल्या विषयाशी संबंध आहे. डॅल्झेल आणि गिब्सन यांनी १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ काढला तेव्हा तो मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ होता. मराठवाडा त्या हद्दीबाहेर. या प्रदेशाची सलग, शास्त्रीय वनस्पती-नोंद व्हायला प्रा. वि. ना. नाईक यांच्या १९७९ च्या उस्मानाबादवरील आणि १९९८ च्या मराठवाड्यावरील ग्रंथांपर्यंत वाट पाहावी लागली. त्यामुळे ऑर्किड म्हटले की सह्याद्री, आंबोली, खासी टेकड्या असे चित्र मनात येते आणि कोरडा बालाघाट त्यात बसत नाही. प्रत्यक्षात दख्खनच्या कोरड्या झाडीतही आंब्या-बाभळीच्या फांद्यांवर वाढणारा एक वांडा आहे. रॉक्सबर्गने १७९५ मध्ये कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींत त्याचे चित्र छापले, आणि देशाच्या काही भागांत त्याचीच मुळे रास्ना म्हणून औषधात जातात. चामड्यासारखी अरुंद पाने आणि जाड मुळे यांच्या बळावर तो वैशाखाचे ऊन सोसतो. फॅलेनॉप्सिसची रुंद, मऊ पाने वर्षारण्याच्या सावलीतली आहेत; त्याला ते ऊन सोसणार नाही. पण दोघेही झाडाच्या सालीवर, उघड्या मुळांनी, मातीवाचून जगणारे आहेत. त्यामुळे ऑर्किडचा जीव या प्रदेशाला मुळातच परका आहे, असे म्हणता येत नाही.

मराठवाड्यात ऑर्किड पाळण्याची परंपरा मात्र नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे; उगीच प्राचीन वारसा शोधण्यात अर्थ नाही. परंपरा होती ती दुसऱ्या गोष्टीची. मोसंबी, संत्रे, डाळिंब यांचा बहार धरण्याची. या झाडांना मोकळे सोडले तर ती वर्षातून तीनदा फुलू शकतात: आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैत, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात. बागायतदार तिन्ही घेत नाही. विहिरीचे पाणी, जमीन आणि बाजार पाहून तो एक बहार निवडतो, त्याआधी पाणी तोडून झाडाला ताण देतो, ताण संपला की खत-पाणी देऊन फुलवतो, आणि बाकीच्या दोन बहारांत झाडाला पानांवर व मुळांवर राहू देतो. हलक्या जमिनीत ताण थोडा, भारी काळ्या जमिनीत जास्त, एवढी बारकाई त्यात आहे. परभणीत १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून ही रीत चालत आली आहे. तिचा गाभा असा: फूल आणि फळ झाडाची साठवण खर्च करतात, ती साठवण पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि त्या वेळेत झाडाकडून काही मागायचे नसते. पॅक्स्टनपासून तायवानपर्यंतच्या लोकांना ऑर्किडबद्दल जे हळूहळू उमगले ते हेच.

यावर जाणकार माणूस लगेच हरकत घेईल, आणि ती हरकत रास्त आहे. बहाराचा नियम ऑर्किडला लावायचा तर फुले गळाल्यावर फॅलेनॉप्सिसला ताण द्यायचा का? द्यायचा नाही. डेंड्रोबियमसारख्या अनेक ऑर्किडांना फुगीर खोडे असतात, त्यांत पाणी व अन्न साठते, आणि त्यांना कोरडी विश्रांती मानवते. फॅलेनॉप्सिसला असे खोड नाही. त्याची साठवण पानांत आणि मुळांत आहे, ताण दिला तर तीच आटते आणि पाने सुरकुततात. मोसंबीला फुलांकडे वळवण्याचे काम कोरडेपणा करतो, फॅलेनॉप्सिसला वळवण्याचे काम गारवा करतो. म्हणून बागायतदाराकडून उचलायचे ते पाणी तोडण्याचे तंत्र नव्हे. एका वर्षात एकच बहार, आणि तो आपल्या हवामानाला पेलेल तेव्हाच, हा त्याचा निर्णय उचलायचा.

हा निर्णय किती उपयोगी आहे ते दांडा कुठे कापावा या जुन्या वादात दिसते. युरोपातली पुस्तिका सांगते की शेवटचे फूल गळाले की दांडा बुंध्यापासून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेरावर कापा. त्या डोळ्यातून फाटा फुटेल आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा फुले येतील. ज्या घरात बारा महिने वीस-बावीस अंश तापमान राहते तिथे हा सल्ला बरोबर आहे. राणीसावरगावात हिवाळ्यात फुललेल्या झाडाची फुले साधारण मार्च-एप्रिलमध्ये गळतात. तिथे पेरावर कापलेला दांडा फाटा काढील तो वैशाखात, बाहेर पारा ४० च्या वर गेलेला असताना. पानांना श्वास घेणे जड जाते तेव्हा झाडावर दुसरा बहार लादला जातो. शिवाय एवढ्या उष्णतेत डोळ्यातून कळ्यांऐवजी पिल्लू, म्हणजे नवे रोपटे, फुटण्याचा संभव वाढतो, आणि आधीच थकलेल्या आईने ते पोसायचे. म्हणून इथे दांडा बुंध्याशी, स्वच्छ धारदार पात्याने कापणे हेच शहाणपणाचे. कोणी म्हणेल, हिरवा जिवंत दांडा कापणे म्हणजे नुकसान. मोसंबीवर नको त्या बहाराची फुले आलेली पाहून ती जाऊ देणारा शेतकरीही हे नुकसान सोसतो, पुढच्या भरघोस बहारासाठी. अपवाद आहे: पाच-सहा निरोगी पाने असलेले झाड लवकर फुलून पौषातच मोकळे झाले, तर पेरावर कापून फाल्गुनापर्यंत दुसरी फुले घ्यायला हरकत नाही. ठरवायचे ते महिना आणि पाने पाहून.

कुंडी बदलण्याचेही तसेच. सर्वत्र सांगितले जाते की फुले गळाली की लगेच कुंडी बदला. मुळे सडून काळी पडली असतील तर थांबू नये. नसतील, तर एप्रिलात मुळे उघडी करून नव्या, कोरड्या सालीत बसवणे म्हणजे झाडाचे पाणी ऐन उन्हाळ्यात तोडणे. मृगाची हवा येऊ द्यावी. परभणी जिल्ह्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्या दमट हवेत नवी मुळे आपोआप धावतात. तीच वेळ सालीचे तुकडे, कोळसा आणि नारळाची सोडणे घालून कुंडी भरण्याची, आणि पातळ खत देण्याचीही. तोवर उन्हाळा काढायचा. जुन्या माळवदाच्या घरात हे सोपे होते, कारण मातीचे जाड छत दुपारची धग आत येऊ देत नाही. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या छताखाली तेच झाड भाजते. अशा घरात कुलरच्या खोलीत, पण थेट झोताबाहेर, किंवा भिजवलेल्या गोणपाटाजवळ कुंडी ठेवली तर हवा गार आणि दमट राहते. चॅट्सवर्थला पॅक्स्टन ओल्या जमिनीने हेच साधत होता. पाणी सकाळी, पानांच्या गाभ्यात साचू न देता घालावे. मुळे हिरवी दिसतात तोवर ओल आहे, रुपेरी झाली की पाणी मागतात. बोअरचे क्षाराचे पाणी ही मराठवाड्यातली मोठी अडचण आहे, त्याने मुळांची टोके जळतात. पन्हाळीखाली धरून ठेवलेले पावसाचे पाणी यासाठी राखून ठेवणे योग्य.

आणि मग येतो तो ऋतू, ज्यात राणीसावरगाव सोयीचे आहे. परभणी उन्हाळ्यासाठी ओळखली जाते, पण तिचा हिवाळाही कडक असतो. काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. दिवाळीपासून रात्री वीस अंशांच्या खाली जाऊ लागतात. तायवानच्या उत्पादकाने झाड डोंगरावर नेऊन जो गारवा मिळवला तो इथे उंबरठ्यावर फुकट येतो, आणि मार्गशीर्षाच्या आसपास दांडा दिसू लागणे अगदी स्वाभाविक आहे. फक्त बारा-तेरा अंशांखालची रात्र झाडाला इजा करते, म्हणून कडाक्याच्या थंडीत कुंडी आत घ्यावी लागते.

एक मोठी हरकत राहते. दुष्काळाची सवय झालेल्या या भागात परदेशी शोभेच्या झाडाचे लाड कशासाठी? रेणुकेच्या नवरात्रात झेंडू आणि शेवंतीचे ढीग लागतात. तीच आपली फुले, असे म्हटले जाईल. पण झेंडू मेक्सिकोचा आहे, निशिगंधही तिथलाच, शेवंती चीनकडून आली. कुठून आले यावरून नव्हे, इथल्या ऋतूत बसवता आले की नाही यावरून त्या झाडांनी जागा मिळवली. पाण्याचे म्हणाल तर सालीत वाढणाऱ्या एका कुंडीला लागते ते तांब्या-दोन तांब्यांच्या हिशेबातले. याहून वजनदार आक्षेप असा की नवी कुंडी आणली तर दहा-बारा फुले मिळतात, घरच्या झाडाला पुढच्या वर्षी चार-पाचच येतात, मग श्रम का? चार-पाच येतात हे खरे आहे. त्याचे कारण झाडाचा जुनाटपणा नव्हे, कारण फॅलेनॉप्सिस अनेक वर्षे जगते. कारण पानांत आहे. फुलांची संख्या पानांनी वर्षभर काय साठवले यावर ठरते, आणि घरी वर्षाला एक-दोनच नवी पाने येतात. म्हणून दुसऱ्या हिवाळ्यात दांडा दिसला की आधी पाने तपासावीत. पावसाळ्यात आलेले नवे पान खालच्या पानाएवढे किंवा मोठे असेल तर बहार घ्यावा. ते लहान आणि पातळ असेल तर दांडा वाढू न देता खुडून टाकावा आणि तो बहार सोडावा, जसा पाण्याने दगा दिलेल्या वर्षी मोसंबीचा सोडतात.